जुनी वॉशिंग मशिनं: पुण्यात शोधायची कुठे, ओळखायची कशी, जपायची कशी

कोथरूड, सहकारनगर, कर्वेनगर, बिबवेवाडी. चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जातायत. घर रिकामं करायची तारीख जवळ आली की आधी बाहेर निघतं ते मागच्या बाल्कनीतलं बंद पडलेलं वॉशिंग मशीन. पितळी भांडी लेकी-सुना वाटून घेतात, सागवानी कपाटाला गिऱ्हाईक मिळतं, रेडिओ कुणीतरी हौसेनं ठेवतं. मशीन मात्र वजनावर जातं. भंगाराच्या दुकानात मोटर तांब्यासाठी फुटते, पत्रा एकीकडे, प्लॅस्टिक दुसरीकडे, आणि तासाभरात त्याचं नावही उरत नाही.

हा लेख त्या तासाच्या आधी तिथे पोहोचू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. मशीन कोणतं, किती सालचं, त्यातलं मूळ किती आणि मागाहून बदललेलं किती, हे ठरवायची पद्धत यात सविस्तर दिली आहे. शोधणं, आणणं, वीज आणि साफसफाई यांविषयी कामापुरतं.

माझं एक ठाम मत आहे. पुण्यात नव्यानं संग्रह सुरू करणाऱ्यानं अमेरिकन मेटॅग किंवा ब्रिटिश हूवरच्या मागे लागू नये. ती मशिनं सुंदर आहेत, पण त्यांना जपणारे लोक त्यांच्या देशांत भरपूर आहेत. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि ९० च्या दशकात घरोघरी आलेली व्हिडिओकॉन, टीव्हीएस व्हर्लपूल, बीपीएल-सान्यो, आयएफबी ही मशिनं आज कुणीच मुद्दाम ठेवत नाही. धुण्याचा दगड आणि मोरी यांच्यापासून पुण्यातल्या बायकांची पाठ पहिल्यांदा मोकळी केली ती यांनी. त्यांचा पुरावा आपणच ठेवायचा आहे.

आधी प्रकार ओळखा

मशीन समोर आलं की नाव वाचण्याआधी त्याची जात पाहा. ढोबळमानानं पाच जाती भेटतात.

पहिली, रोलरची. वर रबरी रोलरची जोडी, त्यातून कपडे दाबून पिळायचे. मधोमध फिरणारा दांडा, म्हणजे ॲजिटेटर, किंवा हूवरसारख्या यंत्रात टबाच्या बाजूच्या भिंतीला बसवलेली चकती. मेटॅगनं १९२२ मध्ये ॲल्युमिनियमच्या ओतीव टबाचं 'गायराफोम' काढलं. रोलरची मशिनं ती कंपनी थेट १९८३ पर्यंत बनवत होती. त्यामुळे रोलर दिसला म्हणून यंत्र महायुद्धापूर्वीचं समजू नका.

दुसरी, एकाच टबाची. यात फक्त धुणं होतं, पिळायचं हातानं. आपल्याकडे स्वस्तात हीच मिळत आणि कित्येक ठिकाणी सुट्या भागांतून जुळवलीही जात. तिसरी, दोन टबांची सेमी ऑटोमॅटिक: एका बाजूला धुणं, दुसऱ्या बाजूला आपण ज्याला ड्रायर म्हणतो तो पिळणारा टब. पुण्यात सर्वाधिक सापडतील ती हीच. चौथी, वरून कपडे टाकायची फुली ऑटोमॅटिक. पाचवी, पुढून काचेचं दार असलेली फ्रंट लोड. घरगुती ऑटोमॅटिक फ्रंट लोड बेंडिक्सनं अमेरिकेत १९३७ मध्ये आणलं. आपल्याकडे ही जात रुजवली आयएफबीनं, बॉश-सीमेन्सच्या तांत्रिक सहकार्यानं, गोव्याच्या कारखान्यातून.

सेमी ऑटोमॅटिकवर जरा थांबतो, कारण बहुतेकांचा संग्रह तिथूनच सुरू होईल. टबाच्या तळाशी असलेली चकती, म्हणजे पल्सेटर, थोडा वेळ एका दिशेनं फिरते, थांबते, मग उलट फिरते. हे सगळं चावीच्या टायमरवर चालतं. नॉब फिरवला की आत स्प्रिंग भरते, ती हळूहळू सुटताना खाचांच्या चकत्या फिरवते आणि त्या चकत्या विजेचे संपर्क जोडतात-तोडतात. मशीन चालताना येणारा टिकटिक आवाज याचाच. संपूर्ण यंत्रात एकही इलेक्ट्रॉनिक पट्टी नाही. म्हणूनच पस्तीस वर्षांपूर्वीचं सेमी ऑटोमॅटिक आज पुन्हा चालू करता येतं, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीचं फुली ऑटोमॅटिक त्याची सर्किटची पट्टी गेली की बहुधा कायमचं मुकं होतं. नवशिक्यानं पहिलं मशीन सेमी ऑटोमॅटिकच घ्यावं.

शोधायचं कुठे

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे अख्खं मशीन मिळेल या आशेनं जाऊ नका. मिळतात ते सुटे भाग: टायमर, नॉब, मोटर, कंपनीच्या नावाच्या धातूच्या पट्ट्या. आणि तेच जास्त मोलाचे, कारण नॉब तुटल्यामुळे अर्धवट पडलेली मशिनं पुष्कळ असतात. सकाळी लवकर जा, नॉबच्या भोकाचा आकार कागदावर उतरवून सोबत ठेवा. भोक गोल आहे, एका बाजूनं सपाट आहे की दातेरी, यावर सगळं अवलंबून असतं.

अख्खं मशीन मिळतं ते माणसांकडून. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांना संघटित करत आली आहे. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या ताई रोज दारोदार जातात. कुठली सोसायटी रिकामी होतेय, कुणाच्या गच्चीत काय पडलंय, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. आपल्या भागातल्या ताईंना आणि भंगारवाल्या काकांना भेटून सांगून ठेवा की जुनं वॉशिंग मशीन आलं तर फोडू नका, मला हाक मारा. भंगाराच्या भावापेक्षा थोडं जास्त द्या आणि ते रोख, त्याच वेळी द्या. त्यांचा पोटाचा धंदा आहे. तिथे घासाघीस करून वाचवलेले शे-दोनशे रुपये पुढची हाक गमावतात.

तिसरी जागा म्हणजे जुने मेकॅनिक. पेठांमध्ये आणि उपनगरांच्या जुन्या बाजारपेठांत तीस-तीस वर्षं दुरुस्ती करणारे कारागीर आहेत. त्यांच्या पोटमाळ्यावर, शटरच्या मागे 'गिऱ्हाईक परत आलंच नाही' अशी मशिनं असतात. कॅम्प आणि वानवडीकडच्या जुन्या बंगल्यांत, परदेशी नोकरी करून परतलेल्यांच्या घरांत विलायती किंवा जपानी मशीन निघू शकतं. आखातातून परतताना आणलेली जपानी सेमी ऑटोमॅटिक मशिनंही भेटतात.

दारात गेल्यावर काय विचाराल

सोबत टॉर्च, छोटा आरसा, लोहचुंबक, मोजपट्टी, मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर आणि वही असू द्या. पण ही हत्यारं बाहेर काढण्याआधी घरच्या बाईंशी बोला. मशीन वापरलंय त्यांनी. घरातले पुरुष बहुधा किंमत सांगतात, बायका सांगतात ते मशीन कसं चालायचं, काय बिघडायचं, कोण दुरुस्त करायचं.

साल थेट विचारलं तर क्वचितच नीट कळतं. घटनेला धरून विचारा.

"आजी, मशीन घेतलं तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला होता का?"

"नाही रे, भूकंप झाला त्या रात्री विसर्जन बघून आलो होतो. त्याच्या आधीच्या दसऱ्याला आणलं होतं यांनी, बोनसच्या पैशात."

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचा. म्हणजे खरेदी १९९२ च्या दसऱ्याची किंवा त्याआधीची. १९९४ च्या जानेवारीतल्या बालेवाडीच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, १९८४ मधली इंदिरा गांधींची हत्या, घरातल्या मुंजी-लग्नं, पहिला रंगीत टीव्ही: अशा खुणांवर पुणेकरांची आठवण पक्की असते. जे सांगितलं जाईल ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. बिल, वॉरंटी कार्ड, वापराची पुस्तिका आहे का ते विचारा. बऱ्याचदा हे कागद देवघराच्या खणात किंवा जुन्या सुटकेसमध्ये विजेच्या बिलांसोबत असतात. कागद देऊन टाकायला घरचे तयार नसतील तर फोटो काढून घ्या.

पुसण्याआधी फोटो

फडकं लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा: पुढून, मागून, खालून, झाकण उघडून, पॅनल जवळून, प्रत्येक स्टिकर जवळून. मागच्या पत्र्यावर मेकॅनिकनं पेन्सिलीनं किंवा मार्करनं टाकलेली तारीख असते, दुकानदाराचं चिकटपत्र असतं, टबाच्या कडेला निळीचा डाग असतो. हे सगळं एका ओल्या फडक्यानं जातं, आणि गेलं की परत येत नाही.

साल ठरवण्याची रीत

आता मुख्य काम. बहुतेक लोक मागची पट्टी वाचतात आणि थांबतात. पट्टीवर मॉडेल, सिरियल नंबर, व्होल्ट, वॅट मिळतात, पण उत्पादनाचं साल कित्येकदा नसतंच. सिरियल नंबरमध्ये साल दडलेलं असतं असं सांगणारे भेटतील. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, आणि एकाच कंपनीत ती वेळोवेळी बदललेली. कंपनीचाच कागद हाती असल्याशिवाय त्या अंदाजावर विसंबू नका.

त्याऐवजी मशीनवरच्या प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारा: ही खूण कोणत्या तारखेच्या आधी असूच शकत नाही? अशा सगळ्या तारखा लिहून काढा. मूळ भागांवरच्या खुणांपैकी जी सर्वांत अलीकडची, तिच्या आधी मशीन बनलेलं नाही. वरची सीमा मग घरच्यांच्या आठवणीतून किंवा बिलातून मिळते. या दोन सीमांमध्ये मशीन अडकलं की काम झालं.

खुणा कुठे मिळतात ते पाहू.

दुकानदाराचं चिकटपत्र. पुण्याचा पत्ता 'पुणे ४११ ०३०' असा असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. त्याआधी 'पूना २', 'पुणे ३०' असं लिहीत. पण पिनकोड नसणं हा पुरावा नाही, कारण जुनी सवय पुढेही बरीच वर्षं टिकली. दूरध्वनीच्या आकड्यांकडे पाहा: पाच-सहा आकडी क्रमांक जुना, आठ आकडी नवा. पुण्याचा एसटीडी कोड आधी ०२१२ होता, नंतर ०२० झाला. चिकटपत्रावर ०२० असेल तर ते चिकटपत्र उशिराचं. लक्षात ठेवा, चिकटपत्र दुरुस्तीवाल्याचंही असू शकतं. तसं असेल तर ते मशीनचं साल सांगत नाही, दुरुस्तीचं सांगतं.

गावांची नावं. बॉम्बेचं मुंबई १९९५ मध्ये झालं, मद्रासचं चेन्नई १९९६ मध्ये, कलकत्त्याचं कोलकाता २००१ मध्ये, पाँडिचेरीचं पुदुच्चेरी २००६ मध्ये. नवं नाव छापलं असेल तर तारीख पक्की होते. जुन्या नावावरून फार काही सिद्ध होत नाही, कारण छापून ठेवलेल्या पट्ट्या संपेपर्यंत वापरल्या जात. 'मेड इन वेस्ट जर्मनी' मात्र चांगली खूण: तो देश १९४९ ते १९९० एवढाच होता.

जोडनावं. भारतीय मशिनांत ही सर्वांत उपयोगी खूण. टीव्हीएस व्हर्लपूल, बीपीएल-सान्यो, गोदरेज-जीई ही नावं भागीदारी होती तोवरच मशीनवर आली. व्हर्लपूलनं टीव्हीएसबरोबर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाँडिचेरीजवळ कारखाना काढला आणि १९९६ मध्ये 'व्हर्लपूल ऑफ इंडिया' उभी राहिली. गोदरेज आणि जीईची भागीदारी १९९० च्या दशकातली. नुसतं व्हर्लपूल लिहिलेलं आणि टीव्हीएस व्हर्लपूल लिहिलेलं मशीन रंगा-आकारानं जुळं वाटलं तरी संग्रहात ती दोन वेगळी पानं आहेत.

मोजमापाची भाषा. पट्टीवर विजेची वारंवारता 'हर्ट्झ'मध्ये की 'सायकल्स'मध्ये? हर्ट्झ हे नाव आंतरराष्ट्रीय परिषदेनं १९६० मध्ये स्वीकारलं आणि पुढच्या दशक-दीड दशकात ते रुळलं. धुण्याची क्षमता पौंडात असेल तर मशीन बहुधा अमेरिकन किंवा जुनं ब्रिटिश. पुस्तिकेत 'इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन'चा उल्लेख असेल तर मजकूर बहुधा १ एप्रिल १९८७ पूर्वीचा, कारण त्या दिवशी तिच्या जागी भारतीय मानक ब्यूरो आला. आयएसआयची खूण मात्र ब्यूरोनं पुढे चालू ठेवली, त्यामुळे नुसत्या खुणेवरून काही ठरवू नका.

प्लॅस्टिकच्या आतली घड्याळं. ही माझी सर्वांत आवडती जागा. झाकण, पॅनल, टबाचा तळ, मागचं कव्हर उलटं करून टॉर्च तिरका धरा. साच्यातून आलेल्या प्लॅस्टिकवर नाण्यापेक्षा लहान गोल उठलेला दिसतो. भोवती १ ते १२ आकडे, मध्ये बाण, बाणाच्या दोन बाजूंना वर्षाचे दोन आकडे. बाण महिना दाखवतो. '८' आणि '९' यांच्यामध्ये ४ कडे रोखलेला बाण म्हणजे एप्रिल १९८९. काही साच्यांत बाणाऐवजी टिंबांच्या रांगा असतात, महिन्याला एक टिंब. तीन बाणांच्या त्रिकोणात आकडा असेल तर ते प्लॅस्टिक १९८८ नंतरचं, कारण ती खूणच त्या साली आली. एकाच मशीनच्या चार भागांवर एकमेकांपासून दोन-तीन महिन्यांत येणाऱ्या तारखा मिळाल्या, तर ते मशीन कारखान्यातून निघालं तसंच तुमच्यासमोर उभं आहे असं जवळजवळ खात्रीनं म्हणता येतं.

मोटर, टायमर आणि कंडेन्सर. यांवर त्यांच्या त्यांच्या बनवणाऱ्यांचे शिक्के असतात. चार आकडी शिक्का बऱ्याचदा आठवडा आणि वर्ष सांगतो: '२३९१' म्हणजे १९९१ चा तेविसावा आठवडा. पहिले दोन आकडे ५३ च्या वर असतील तर क्रम उलटा असू शकतो, आधी वर्ष आणि मग आठवडा. कंडेन्सर, म्हणजे मोटरला जोडलेला वीज साठवणारा छोटा डबा, हा सर्वांत जास्त बदलला जाणारा भाग, त्यामुळे त्याची तारीख इतरांपेक्षा नवी असेल तर नवल नाही. तो वगळून हिशोब करा.

मूळ आणि मिसळलेलं

पुण्याच्या दुरुस्तीच्या दुकानांत दोन मेलेल्या मशिनांतून एक जिवंत केलं जातं. कारागिरी म्हणून मला त्याचा आदर आहे, पण ओळख पटवताना ते ध्यानात ठेवावं लागतं. नॉब काढून त्याखालचा रंग पाहा. उन्हानं पिवळं पडलेलं पॅनल नॉबखाली अजून पांढरं किंवा करडं असतं. पॅनल पिवळं आणि झाकण पांढरंशुभ्र असेल तर दोन्हींचं आयुष्य वेगवेगळ्या घरांत गेलंय. स्क्रूची जास्तीची भोकं, कापून पुन्हा चिकटवलेला पाइप, टेप मारलेली वायर या साध्या खुणा. पत्र्याला मागाहून रंग दिलाय का ते पट्टीच्या कडेला कळतं: कारखान्यातला रंग पट्टीखाली शिरलेला असतो, नंतरचा पट्टीच्या कडेवर चढलेला.

टब कशाचा, ते लोहचुंबकानं पाहा. घट्ट चिकटला तर मुलामा दिलेलं पोलाद, अजिबात नाही तर ॲल्युमिनियम, तांबं किंवा प्लॅस्टिक. स्टेनलेस स्टीलला प्रतीप्रमाणे कमी-जास्त चिकटतो, तिथे चुंबकावर निर्णय देऊ नका.

विक्रेता 'ब्रिटिशकालीन' म्हणाला तर शांतपणे तपासा. ब्रिटनमध्ये लोकप्रिय झालेलं हूवरचं छोटं रोलरवालं मशीन वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या कारखान्यातून निघालं, आणि तो कारखानाच ऑक्टोबर १९४८ मध्ये सुरू झाला. तेव्हा आपल्याला स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटलं होतं. तसंच जपानी मशिनांचं: सान्योनं बाजूला चकती असलेलं घरगुती मशीन १९५३ मध्ये आणलं आणि तिथल्या मध्यमवर्गात वॉशिंग मशीन रुजलं ते त्यानंतर. त्यापूर्वीचं जपानी मशीन म्हणून कुणी काही दाखवलं तर पुरावा मागा.

घ्यावं की सोडावं

गंज पत्र्यावर असेल तर घ्या, सांगाड्याच्या तळाशी पायांजवळ आरपार असेल तर नीट विचार करा. मोटर जळाली असेल तर अडत नाही, गुंडाळणारे कारागीर पुण्यात आहेत. टायमर आणि पॅनल हरवलेलं असेल, तर पूर्ण मशीन म्हणून नका घेऊ, सुट्या भागांसाठी घ्या. टबाला तडा असेल तर बहुधा सोडाच, विशेषतः दोन्ही टब एकाच ओतकामातले असतील तर.

धुण्याच्या बाजूची मोटर मल्टिमीटरवर तपासणं सोपं आहे. वीज तोडून, कंडेन्सर सुटा करून तीन तारा मोजा. सामाईक तारेपासून दोन्ही तारांपर्यंत सारखाच रोध यावा आणि त्या दोघींमध्ये त्याची बेरीज. तसं आलं तर वेटोळी शाबूत. ड्रायरच्या मोटरीत दोन आकडे वेगळे येऊ शकतात, तो दोष नाही. पल्सेटर हातानं फिरवून पाहा. जड, खरखरीत फिरत असेल तर बुश किंवा बेअरिंग गेलंय. बेअरिंगवर कोरलेला आकडा, ६२०३ किंवा ६२०४ असा, जगभर एकच असतो आणि कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात चालतो. पाण्याच्या सीलचं तसं नाही. त्याचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून न्यावी लागते.

घरी आणताना

मशीन उभंच आणा. रोलरच्या जुन्या मशिनांच्या गिअर बॉक्समध्ये तेल असतं, आडवं केलं की ते झिरपून बेल्ट आणि मोटर खराब करतं. फ्रंट लोडमध्ये वजनासाठी काँक्रीटचा ठोकळा असतो. नेण्यापूर्वी ड्रम बोल्टनं आवळायची सोय असेल तर आवळा, नसेल तर ड्रम आणि सांगाडा यांच्यामध्ये फोमच्या लाद्या ठासा. पेठेतल्या वाड्याचा लाकडी जिना असेल तर दोन अनुभवी हमाल बोलवा, घरच्या मुलांवर भागवू नका. छोट्या हत्तीत मशीन केबिनच्या पाठीला टेकवून बांधा आणि दोरीखाली गोधडी घाला. पावसाळ्यात आणावं लागलं तर ताडपत्री वरूनच नव्हे, खालूनही हवी.

वीज लावण्याआधी

इथे घाई करू नका, कारण पाणी, धातूचं अंग आणि तीस वर्षं जुनी वायर एकत्र आहेत. कंडेन्सरला वीज तोडल्यावरही धक्का देता येतो. त्याच्या दोन टोकांमध्ये काही हजार ओहमचा रोधक थोडा वेळ धरून तो रिकामा करा. धातूच्या डब्यातला, तेल भरलेला जुना कंडेन्सर फुगला किंवा पाझरत असेल तर हातमोजे घाला, तो उघडू नका. जुन्या तेलांत विषारी पदार्थ असतात.

कापडाचं वेष्टण असलेली किंवा तडकलेल्या रबराची वायर बदलाच. मूळ वायर पिशवीत घालून मशीनसोबत ठेवली की पुरावाही राहतो. अंगाला अर्थिंग आहे का, ते मल्टिमीटरवर पाहा. वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे वेष्टणातून वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्या. अंग आणि तारा यांच्यात किमान १ मेगाओहम तरी यायला हवा, त्याहून खाली असेल तर मशीन वाळवून पुन्हा मोजा. मग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरच, चालवा.

अमेरिकन मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. आपल्या ५० हर्ट्झवर मोटर पाच-षष्ठांश वेगानं फिरते, विजेवर चालणारा टायमर अर्ध्या तासाच्या धुण्याला छत्तीस मिनिटं लावतो आणि मोटर जास्त तापते. १२० ऐवजी १०० व्होल्टच्या आसपास दिले तर ताप आटोक्यात राहतो. प्रात्यक्षिकापुरतं चालवा, रोजचं धुणं त्यावर नको. जपानच्या देशांतर्गत बाजारातलं मशीन १०० व्होल्टचं असतं. तिथे पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ, त्यामुळे पट्टीवर '५०/६०' दिसलं तर एक काळजी कमी.

पहिल्यांदा पाणी भरून, कपड्यांशिवाय चालवा. ड्रायर फिरत असताना झाकण उचललं की ब्रेक लागून टब काही सेकंदांत थांबायलाच हवा. थांबत नसेल तर ब्रेकची तार किंवा शू दुरुस्त होईपर्यंत ड्रायर बंद ठेवा. रोलरचं मशीन दाखवताना पदर, ओढणी, मोकळे केस आणि लहान मुलं दूर ठेवा. रोलर सोडवायची कळ आधी चालवून पाहा.

साफसफाई, पण बेताची

धरणाच्या पाण्यावर चाललेल्या पेठांतल्या मशिनांत क्षार कमी दिसतात. बोअर आणि टँकरच्या पाण्यावर चाललेल्यांत पांढरा थर जाड असतो, तापवणाऱ्या कॉइलवर तर दगडासारखा. कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून तो सुटतो. ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ताचा थर दिलेल्या टबात मात्र ना आम्ल जास्त वेळ ठेवा ना धुण्याचा सोडा. दोन्हींनी धातू खातो. तिथे साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत आणि तापकाच्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतो. तिथे फुंकर मारणं, ब्रश करणं वर्ज्य. आणि पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पांढरं करण्याचा हट्ट सोडा. पेरॉक्साइडनं रंग उजळतो, पण ठिपक्याठिपक्यांनी, आणि बेतानं केलं नाही तर प्लॅस्टिकही कमकुवत होतं. बाल्कनीतल्या उन्हात काढलेली वर्षं त्या पिवळेपणात दिसतात, ती तशीच राहू द्यावीत.

ठेवणं आणि नोंद

मशीन विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर ठेवा, फरशीवर नको. सेमी ऑटोमॅटिक खालून बहुधा उघडं असतं, आणि उंदरांना आतल्या वायरी फार प्रिय. खाली बारीक जाळी बसवा. पावसाळ्यात झाकण थोडं उघडं ठेवा, बेल्ट सैल करा, महिन्यातून एकदा पल्सेटर आणि ड्रायर हातानं फिरवा. फ्लॅटमध्ये जागा मर्यादित असते, म्हणून चार मशिनं नीट जपा, दहा नका साठवू. दोन टबांचं एक, एका टबाचं एक, एक फ्रंट लोड आणि जमलं तर एक रोलरचं, एवढ्यात सगळी जातकुळी दाखवता येते.

प्रत्येक मशीनला क्रमांक द्या आणि वहीत एक पान. मॉडेल, सिरियल नंबर, प्लॅस्टिकच्या घड्याळांच्या तारखा, मोटर-टायमरचे शिक्के, कोणते भाग बदललेले, कुठल्या भागातून आलं, घरच्यांनी काय सांगितलं. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन अडकित्ते, दिवे आणि स्वयंपाकघरातली भांडी पाहून या. घरातल्या वापराच्या वस्तू गंभीरपणे गोळा करण्याची वाट या शहरात दिनकर केळकरांनी फार आधी घालून दिली. तिथे वस्तू कशा गटवल्या आहेत, हे पाहणं संग्राहकाला उपयोगी पडतं. देणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं तर त्यांची परवानगी घ्या आणि ते पान इंटरनेटवर टाकू नका.

सुट्या भागांसाठी घेतलेलं मशीन मोकळं करताना आधी टायमर, नॉब, पॅनल, नावाची पट्टी, दोन्ही मोटरी, ड्रायरचं झाकण आणि त्याची बिजागरी काढा. त्याच क्रमानं त्या पुढे दुर्मीळ होतात. प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत, त्यावर मॉडेल नंबर आणि वायरींच्या रंगांचा फोटो. उरलेला सांगाडा आणि वायरी रस्त्यावर किंवा नाल्याकाठी टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत वॉशिंग मशीन येतं, त्यामुळे ते अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे किंवा ई-कचरा संकलनात द्या आणि पावती वहीच्या त्या पानाला टाचून ठेवा.